दुपारची वैशू

१

युवराज वरंगळच्या कॉलेजला गेला तेव्हा त्यानं आईवर एकच काम सोपवलं होतं. रोज दुपारी त्याच्या कॉम्प्युटरवर ‘नीलगड’ नावाचा खेळ उघडायचा आणि हजेरीचं बटण दाबायचं.

“हॉस्टेलच्या नेटवर गेम चालत नाहीत,” तो म्हणाला. “चारशे बारा दिवसांची हजेरी आहे माझी, आई. एक दिवस चुकला की सगळं पहिल्यापासून.”

वैशालीला हसू आलं, पण तिनं मान डोलावली. सेहेचाळीस वर्षांची ती. नवरा किशोर बालानगरच्या एका कारखान्यात माल तपासायच्या कामावर. सकाळी आठला बाहेर पडायचा, साडेसहाला परत. दोघं मूळ उदगीरकडचे, पण कुकटपल्लीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या या फ्लॅटमध्ये वीस वर्षं गेली होती. मुलगा गेल्यावर घर एकदम रिकामं झालं. आता एकटीसाठी दुपारचं ताट वाढून घेताना तिला ओशाळल्यासारखं व्हायचं.

पहिले दहा-बारा दिवस ती खरंच नुसतं बटण दाबून उठायची. मग एका दुपारी उत्सुकता म्हणून तिनं स्वतःचं वेगळं पात्र तयार केलं. खेळानं विचारलं, तुम्ही कोण होणार? तलवारबाज, धनुर्धर, चोर, वैद्य. तिनं वैद्य निवडलं. नाव विचारलं तेव्हा ती जरा थांबली आणि तिनं ‘वैशू’ लिहिलं. माहेरी तिला वैशू म्हणायचे. आई-वडील गेल्यापासून त्या नावानं तिला कुणी हाक मारली नव्हती.

गडाच्या पायथ्याशी एक विहीर होती. वैशू तिच्या काठावर उभी राहिली न राहिली तोच एक जखमी बाई लंगडत आली आणि पडद्यावर मराठी अक्षरं उमटली: वैद्य आहेस ना? हात ठेव की जरा.

वैशालीनं बटण शोधून दाबलं. बाईच्या डोक्यावरची लाल पट्टी हळूहळू हिरवी झाली.

“जीव वाचवलास गं,” बाईनं लिहिलं. “उद्या येशील?”

२

ती बाई म्हणजे श्रुती. खरी श्रुती कोल्हापूरला एका दवाखान्यात नर्स होती आणि ड्यूटी नसली की दुपारी खेळायची. तिच्याबरोबर अमरावतीचा रितेश असायचा आणि आणखी चार-सहा जण. त्यांची मराठी टोळी होती. वैशालीनं युवराजचा हेडफोन कानाला लावला, आणि मग अक्षरांऐवजी माणसांचे आवाज यायला लागले. तिनं आत पाऊल टाकलं की श्रुती म्हणायची, “आली बघा वैशू. चला आता निघू.” तिच्यावाचून अडून बसलेली ती सगळी माणसं मग उठायची.

या गोष्टीची चटक कशी लागते, ते वैशालीला नंतर पुष्कळांनी विचारलं. तिला ते कधीच नीट सांगता आलं नाही. घरात तिनं केलेलं काम संध्याकाळपर्यंत पुसून जायचं. घासलेली भांडी पुन्हा खरकटी, धुतलेले कपडे पुन्हा मळके. तिथं मात्र तिनं एखाद्यावर हात ठेवला की त्याचा जीव वाढलेला दिसायचा. तो तिचं नाव घेऊन आभार मानायचा, आणि तिनं केलेलं दुसऱ्या दिवशीही शिल्लक असायचं. किशोर वाईट माणूस नव्हता. घरी आला की तो मोबाईल बघत जेवायचा, “मीठ बरोबर आहे” म्हणायचा आणि झोपायचा, एवढंच.

दोनाचे तीन वाजले, तिनाचे पाच. एकदा गॅसवरची डाळ जळून कोळसा झाली. वैशालीनं पातेलं कचऱ्यात टाकलं आणि नवीन डाळ लावली. किशोरला ते कळलंही नाही, आणि त्याला कळलं नाही याचं तिला वाईट वाटलं नाही. तिचं लक्ष उद्याच्या दुपारकडे होतं.

३

डिसेंबरातल्या एका बुधवारी तिला बेगम बाजारात जाणं भागच होतं. वर्षाची चिंच, मिरची, धने ती तिथूनच आणायची. ‘उद्या दुपारी नाही जमणार’ असं तिनं टोळीला आदल्या दिवशी सांगितलं होतं. मसाल्याच्या ठसक्यानं शिंका देत, हमालांच्या हातगाड्या चुकवत तिनं खरेदी उरकली आणि ती घरी आली तेव्हा पाच वाजत आले होते. दोन्ही हातांत पिशव्या. सवयीनं तिनं कोपरानं बेल दाबली, मग घरात कुणी नाही हे आठवून किल्ली काढली. दार उघडताना चिंचेची पिशवी फाटली.

“अगंबाई, फाटलीच,” ती स्वतःशीच म्हणाली, आणि खाली बसून तिनं चिंच गोळा केली.

हातपाय धुऊन ती युवराजच्या खोलीत गेली. कॉम्प्युटर चालूच होता. सकाळी बंद करायचा राहिला असेल. ती खुर्चीत टेकली तर खुर्ची ऊबदार होती. पश्चिमेची खिडकी, ऊन येतं, तिनं मनाशी म्हटलं.

हेडफोन लावला तर श्रुती म्हणाली, “काय गं, परत आलीस? आत्ता तर गेलीस.”

“आत्ता येतेय मी. बाजारात गेले होते ना.”

“चेष्टा करते ही,” रितेश हसत म्हणाला. “वैशू, आज दुपारभर तू नसतीस तर आपण सगळे खलास होतो. काय खेळलीस आज.”

 वैशालीनं हेडफोन काढला आणि युवराजला फोन लावला.

“मी कसा खेळणार, आई?” तो म्हणाला. “इथल्या नेटवर गेम चालतच नाहीत. आणि तुझ्या पात्राचा पासवर्ड मला कुठं माहीत आहे? तू तो सांगितलास कधी?”

तिनं तो कुणालाच सांगितला नव्हता.

४

कुणीतरी पासवर्ड चोरला, असं तिनं धरलं. असं होतं, पेपरात येतं. तिनं पासवर्ड बदलला. तरी रितेशचा आवाज तिच्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी तिनं त्याला विचारलं, “काल मी बोलले का रे? की नुसती खेळत होते?”

“बोललीस की. रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे, मी सगळ्या लढाया रेकॉर्ड करतो. पाठवू?”

त्यानं पाठवलं. वैशालीनं खोलीचं दार लोटून घेतलं आणि ते ऐकलं.

आवाज तिचाच होता. तिचंच हसणं, बोलता बोलता ‘हो’ला ‘हौ’ म्हणायची तिचीच हैदराबादी खोड. फक्त तो आवाज दमलेला नव्हता. मागे घरातलेच आवाज होते. शेजारच्यांचा कुत्रा, वरच्या मजल्यावरची शिलाई मशीन, कोपऱ्यावरच्या मशिदीतली अजान. कुणी दुसऱ्या गावाहून खेळत असेल हा विचार तिथंच संपला.

शेवटच्या मिनिटाला रेकॉर्डिंगमध्ये बेल वाजली. तिच्याच घराची बेल.

“थांबा हं,” तिचा आवाज म्हणाला. “कुणीतरी आलंय.”

खुर्ची सरकली. पावलं दाराकडे गेली. अनवाणी पावलं, सावकाश. मग कुलपात किल्ली फिरली, आणि लांबून, बाहेरच्या खोलीतून, तोच आवाज पुन्हा ऐकू आला: “अगंबाई, फाटलीच.”

त्यानंतर काही नव्हतं. वैशू खेळातून गेली असं खाली लिहून आलं होतं.

वैशालीनं ते पुन्हा ऐकलं नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि चिंचेची बरणी उघडून पाहिली. चिंच होती. म्हणजे ती बाजारात गेली होती. म्हणजे तिचं डोकं ठिकाणावर होतं. आणि ती दाराबाहेर उभी असताना दाराच्या आतल्या बाजूला, हातभर अंतरावर, कुणीतरी येऊन उभं राहिलं होतं.

तिनं पलंगाखाली पाहिलं, कपाटं उघडली, बाथरूममधला माळा काठीनं चाचपला. दुपारचा लख्ख उजेड होता. घरात कुणी नव्हतं.

५

गंगू तीन वाजता भांड्यांना यायची. जहिराबादकडची म्हातारी, कामाला चोख, बोलायला मोकळी. तिला पाहून वैशालीला अचानक आठवलं: बुधवारी ती घरी आली तेव्हा भांडी घासून पालथी घातलेली होती. तेव्हा तिच्या ते लक्षातच आलं नव्हतं.

“गंगू, बुधवारी तू आत कशी आलीस?”

“तुम्हीच तर दार उघडलात की, अम्मा.” गंगूनं राख घेतलेला हात थांबवला. “चाय बी पाजलात. माझ्या गुडघ्याचं विचारलात. लई बरं वाटलं. मी घरी जाऊन सुनेला सांगितलं, आज अम्मा लई खूश हाय म्हणून.”

 गंगू इतकी वर्षं येत होती, पण तिचे गुडघे दुखतात हे वैशालीला ठाऊकच नव्हतं.

त्या दिवसापासून तिनं घर सोडणं बंद केलं. तिचा हिशेब साधा होता. ती खुर्चीत असली की दुसरं कुणी खुर्चीत नसतं. म्हणून ती बसून राहायची. किशोरचा डबा भरून झाला की सकाळी साडेआठलाच ती ‘नीलगड’ उघडायची आणि त्याची स्कूटर खाली वाजेपर्यंत उठायची नाही. पाणी पिणं तिनं कमी केलं, म्हणजे उठावं लागू नये. भाजी फोनवरून मागवायची, गंगूसाठी दार नुसतं लोटून ठेवायची. पाठ धरली, डोळ्यांना पाणी यायला लागलं. श्रुतीला वाटायचं, वैशूला खेळाचं वेड लागलं. एकदा ती कळवळून म्हणाली, “अगं, थोडी बाहेर जात जा. मी नर्स आहे, हे बरं लक्षण नाही.”

“गेले तर ती येते,” वैशाली बोलून गेली.

“कोण?”

वैशाली पुढच्या जखमीकडे वळली. भीती तर होतीच. पण त्या दिवसांत तिला आणखी एक गोष्ट कळली, आणि ती भीतीपेक्षा वाईट होती. टोळीतली माणसं त्या बुधवारची आठवण काढायची. “त्या दिवशीसारखी खेळ की, वैशू.” ती जिवाचा आटापिटा करायची, तरी त्या दिवशीसारखं होत नसे.

६

संक्रांतीच्या सुट्टीला युवराज घरी आला आणि आईला पाहून दारातच थबकला. तिचे केस विस्कटलेले, गालफडं बसलेली. त्यानं दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी किशोर कामावर गेल्यावर तो तिच्या शेजारी स्टूल घेऊन बसला.

“आई, उठ.”

“थोडं थांब.”

“माझ्यामुळं झालं हे. मीच तुला बसवलं इथं.” त्यानं बाहीनं डोळे पुसले. “आमच्या कॉलेजातला एक मुलगा वर्षभर असा खोलीत बसून होता. शेवटी त्याचे वडील येऊन घेऊन गेले. उठ ना.”

मुलगा रडतोय म्हटल्यावर ती उठली. तिनं त्याला सगळं सांगितलं, रेकॉर्डिंग सोडून. ते ऐकवायचा तिला धीर झाला नाही. युवराजनं ते निमूटपणे ऐकलं. त्यावर त्यानं विश्वास ठेवला असं नाही, पण तो हसलाही नाही. त्यानं आईचं आणि स्वतःचं, अशी दोन्ही पात्रं तिच्यासमोर पुसून टाकली. पाचशेच्या वर गेलेली त्याची हजेरीही गेली. मग त्यानं कॉम्प्युटरच्या वायरी काढल्या आणि तो खोक्यात भरला.

“हा मी बरोबर नेतो,” तो म्हणाला.

त्यानंतरचे आठ दिवस चांगले गेले. दोघं रोज संध्याकाळी कॉलनीच्या बागेत फिरून यायचे. वैशाली बाहेर जायची, परत यायची, घर जसं सोडलं तसंच असायचं. गंगूला तिनं हळूच विचारून घेतलं. नाही म्हणाली, तुम्ही नव्हत्या तर दाराला कुलूप होतं. वैशालीला झोप लागायला लागली. किशोरही एकदा म्हणाला, “तब्येत सुधारली तुझी.” तिनं मनाशी म्हटलं, एकटेपणाचं भूत होतं ते, आणि आपण ते आपल्याच हातानं बसवलं होतं. आता गेलं.

७

युवराजची गाडी नामपल्लीहून पाचच्या सुमाराला होती. वैशाली त्याला सोडायला गेली. खोकं वरच्या फळीवर चढवून युवराज खिडकीशी बसला आणि ती बाहेर फलाटावर उभी राहिली. डब्याची पिशवी आत देताना तिच्या लक्षात आलं की आपला मोबाईल आपल्याजवळ नाही.

“पर्समध्ये बघ नीट.”

“बघितलं. घरी राहिला, नाहीतर रिक्षात पडला.”

“थांब, लावून बघतो. रिक्षात असेल तर ड्रायव्हर उचलेल. घरी असेल तर नुसता वाजेल.”

त्यानं नंबर लावला आणि फोन कानाला धरला. वैशाली खिडकीच्या गजांना धरून उभी होती. तिकडे रिंग जात असावी. मग त्याचा चेहरा उजळला.

“हॅलो,” तो म्हणाला. आणि लगेच, जसं रोज बोलतो तसं, “हो. हो, मिळाली खिडकी. आहे, डबा आहे.”

मग तो थांबला. त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. आई दोन फुटांवर होती. तो तिच्याकडे बघत राहिला आणि फोन ऐकत राहिला. त्याच्या ओठांचा रंग गेला होता.

गाडीला धक्का बसला. डबा हलला.

“कोण आहे?” वैशाली गाडीबरोबर चालू लागली. “युवराज, कोण बोलतंय?”

त्यानं फोन छातीशी दाबून धरला, जणू पलीकडच्याला ऐकू जाऊ नये. “आई, घरी जाऊ नको.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, आईला सांग, सावकाश ये. घाई नाही.” गाडीनं वेग घेतला. “म्हणाली, इकडचं मी बघते.”

गजांवरचा तिचा हात सुटला. फलाट संपेपर्यंत त्याचा चेहरा खिडकीत दिसत होता. तो मानेनं नाही, नाही म्हणत होता.

८

किशोर सव्वासहा-साडेसहाला घरी येईल. वैशालीच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. खेळ गेला, कॉम्प्युटर गेला, आणि तरी ती घरात होती. किशोर दार वाजवेल, दार उघडलं जाईल, आणि त्याला फरक कळणार नाही. मेट्रोत ती उभीच राहिली, बसायला जागा असून. कुकटपल्लीला उतरून ती जवळजवळ पळत सुटली. पावणेसहाच झाले होते. आपण आधी पोचू, तिनं हिशेब केला.

गेटशी किशोरची स्कूटर लागलेली होती.

तिनं वर पाहिलं. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उतरतं ऊन होतं आणि किशोर आत तोंड करून बसला होता, हातवारे करून काहीतरी सांगत होता. तो हसत होता. मग त्यानं उठून शेजारची खुर्ची, तिच्यावरचे वाळलेले कपडे उचलून, दाराजवळ सरकवली. कुणीतरी बसावं म्हणून. दारातून एक हात पुढे आला. त्यात कप होता. मनगटावर दोन हिरव्या बांगड्या. वैशालीनं स्वतःचं मनगट पाहिलं. तशाच दोन होत्या.

तिला पळून जाता आलं असतं. पण वर किशोर होता. ती जिना चढली.

दार नुसतं लोटलेलं होतं. बाहेरच्या खोलीत कुणी नव्हतं. गॅलरीत किशोर एकटाच बसला होता, समोरची खुर्ची रिकामी. कठड्यावर दोन कप होते, एक अर्धा प्यायलेला, दोन्हींतून वाफ निघत होती. तिची चाहूल लागून त्यानं मान वळवली. त्याचे डोळे ओले होते.

“आज लवकर सुटलो,” तो म्हणाला, “ते बरं झालं. इतकी वर्षं झाली, आपण असं बोललोच नव्हतो.”

“काय बोललो आपण?”

“परत वदवून घेतेस?” तो लाजल्यासारखा हसला.

“अहो, सांगा. मी काय म्हणाले तुम्हाला?”

तिच्या आवाजानं त्याचं हसू जरा उतरलं. “आत्ताच तर म्हणालीस. मी इथं राहिले तर चालेल ना, म्हणून. मला कसंतरीच झालं. म्हटलं, असं का विचारतेस? तुझंच घर आहे.”

“आणि?”

“आणि काय? राहा म्हणालो.” तो तिच्याकडे पाहू लागला. तिच्या अंगावरची प्रवासाची साडी, खांद्याला अडकवलेली पर्स, पायातल्या चपला. “तू बाहेर कधी गेलीस?”

 आत स्वयंपाकघरात नळ सुरू झाला. कुणीतरी भांडं विसळत होतं, सावकाश, घरच्यासारखं.

किशोरनं आधी तिकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यानं कठड्यावरचा आपला कप हातात घेतला होता. आता तो खाली कुठं ठेवावा, हे त्याला कळेना.